बत्तीस टप्पे

मी ते चित्र अकरा दिवसांत काढलं, हाच माझा गुन्हा. बरं, काढताना रडले नाही, कॅनव्हास फाडला नाही, ब्रश भिंतीवर फेकून मारला नाही. अकराव्या दिवशी दुपारी लक्षात आलं की आता इथे आणखी काही करायला नको. ब्रश धुतले, हात धुतले आणि डबा खाल्ला. आता मला सांगा, यात कुणाचं काय बिघडलं? पण आमच्या कॉलेजात बिघडतं.

शेवटच्या वर्षाला आम्हाला 'स्वतंत्र स्टुडिओ प्रॅक्टिस' नावाचा विषय असतो. चार वर्षं तुम्हाला शिकवलं, आता तुमचं तुम्ही शोधा, असा त्याचा अर्थ. शोधायला प्रत्येकाला प्लायवूडचं एक खोकं मिळतं, सहा फूट बाय आठ फूट. माझ्या वाट्याला खिडकी आली आणि तिच्याखालचं गळकं बेसिनही आलं. स्वतंत्र म्हणजे किती स्वतंत्र? तर स्वतंत्र निर्णय घ्यायचा असेल तर त्याचा छापील अर्ज आहे, तीन प्रतींत भरायचा. चार बाय तीनचा कॅनव्हास घ्यायचा माझा स्वतंत्र निर्णय सरांच्या सहीसाठी नऊ दिवस टेबलावर पडून होता.

मार्क शंभर. त्यातले साठ फाइलला, पंचवीस तोंडी परीक्षेला आणि उरलेले पंधरा चित्राला. फाइल म्हणजे 'प्रक्रियेची फाइल'. तुम्ही कसे चाचपडलात, कुठे अडलात, मनात काय काय शंका आल्या, ते सगळं फोटोंसकट चिकटवायचं. माझ्या शेजारच्या खोक्यात भोंगा आहे. तो कुजबुजला तरी तीन खोकी पलीकडे ऐकू जातं म्हणून भोंगा. तो खुर्च्यांना बँडेज गुंडाळतो. वर्षभरात सहा खुर्च्या गुंडाळून झाल्या आणि फाइल दोनशे चाळीस पानांची झाली. सर त्याचं उदाहरण देतात.

सर माणूस म्हणून वाईट नाहीत. बाराही महिने गळ्यात मफलर, आणि कुठलीही गोष्ट ऐकताना डोळे मिटायची सवय. गेली चौदा वर्षं त्यांनी एकही चित्र काढलेलं नाही. "मी सध्या न काढण्यावर काम करतोय," असं ते म्हणतात, आणि म्हणताना इतके दमलेले दिसतात की आपल्याला वाटावं, बापरे, किती काढलं नाही यांनी!

आता चित्राबद्दल सांगते, कारण ते सांगितल्याशिवाय माझा संताप तुम्हाला कळायचा नाही.

माझे बाबा शिंपी आहेत. पुढच्या खोलीत दुकान, मागे आम्ही. आजवर त्यांनी हजारो माणसांना आरशासमोर उभं केलं असेल. "हात जरा वर. आता वळा. पोट आत ओढू नका, कोट तुमच्या पोटालाच घालायचाय." स्वतः मात्र कधी कुणासमोर उभे राहिले नाहीत. घरातल्या फोटोंतही ते कडेला असतात आणि तिथेही कुणाची तरी कॉलर नीट करत असतात.

गेल्या वर्षी डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं की डोळ्याचा मधला भाग झिजत चाललाय. कडेचं दिसत राहील, मधलं हळूहळू जाईल. चष्म्याने भागणार नाही, ऑपरेशनचा उपयोग नाही. बाबांनी सगळं नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, "सुई कडेला असते की मध्ये?" डॉक्टर हसले. बाबा हसले नाहीत.

तेव्हापासून रोज सकाळी दुकान उघडलं की त्यांचं पहिलं काम ठरलेलं. खिडकीपाशी उभं राहून सुई ओवायची. हातशिलाईची, बारीक नेढ्याची. एक डोळा मिटलेला, जिभेचं टोक दातांत, मान मागे, कोपर खिडकीच्या कठड्याला टेकवलेलं. कधी पहिल्या झटक्यात जायचा दोरा, कधी सातव्या. गेला की "हां!" करून आईकडे बघायचे. आई मुद्दाम दुसरीकडे बघत बटणं निवडत बसायची. ती त्यांची रोजची परीक्षा होती, आणि त्यांना वाटायचं की आम्हा दोघींना काही कळत नाही.

मी तेच काढलं. आधी स्केच केलं नाही, फोटो घेतला नाही. वर्षभर रोज सकाळी बघत होते, तेवढं पुरे होतं. तैलरंगात त्यांचा चेहरा, मिटलेला डोळा, वर धरलेली सुई. आणि दोरा. दोरा मी ब्रशने काढला नाही. लाल रंगाची ट्यूब घेतली आणि बोटांपासून नेढ्यापर्यंत एकच जाड रेघ थेट ओढली. हात थरथरला असता तर अकरा दिवस वाया गेले असते. नाही थरथरला. शिंप्याची मुलगी आहे मी.

बाबांना पत्ता लागलाच. "काय राणीसरकार, कुणाचं चित्र चाललंय?"

"तुमचं."

"माझं?" त्यांनी गळ्यातला टेप उगाचच सारखा केला. "कसा दिसतो?"

"भिंतीवर लागलं की बघा."

"फोनवर दाखव की."

"फोनवर नाही. प्रदर्शनात, भिंतीवर, लाइट लावून. तोवर ते बाहेर न्यायची परवानगी नाही आणि तुम्हाला आत यायची नाही."

"बरं बाई. पण तुमच्या कॉलेजला म्हणावं लवकर करा. नाहीतर मला नुसत्या कडाच दिसतील, चौकट बघून परत यायचो." आणि स्वतःच्या विनोदावर स्वतःच हसले. आई उठून आत गेली.

तर असं ते चित्र. पंधरा-वीस दिवसांनी सर बघायला आले. समोर उभे राहिले. मी बघत होते, त्यांचा एक डोळा आपोआप मिटला गेला आणि मान जराशी मागे गेली. मनात म्हटलं, जिंकलं! तेवढ्यात ते भानावर आले.

"हे झालेलं आहे," ते म्हणाले.

"हो, सर."

"तीच तर अडचण आहे. याच्या आधीचं कुठाय?"

"आधीचं काही नाही, सर. हेच आहे."

"शंका? फसलेले प्रयत्न? भटकणं?"

"भटकले नाही, सर. घरून कॉलेज आणि कॉलेजातून घर."

सरांनी मफलरचं टोक बोटाला गुंडाळलं. "हे बघ, चित्र काय कुणीही काढेल. आपण प्रक्रिया बघतो. तू एकदम मुक्कामालाच उतरलीस. तुझा संघर्ष मला कुठे दिसत नाही."

"सर, संघर्ष नव्हता. मला माहीत होतं काय काढायचंय."

"हे फाइलमध्ये लिहू नकोस," सर दचकून म्हणाले. मग त्यांनी परिपत्रक दाखवलं. किमान बत्तीस टप्प्यांचे फोटो, प्रत्येकाखाली मनोगत. शुक्रवारपर्यंत फाइल आली नाही तर तोंडी परीक्षा नाही, आणि प्रदर्शनात भिंतही नाही.

मार्क गेले खड्ड्यात, पण भिंत? बाबांना मी भिंतीचा शब्द दिला होता. हल्ली ते माणसाशी बोलताना त्याच्या कानाकडे बघायला लागले होते. समोरचं दिसावं म्हणून मान वळवावी लागत होती. पुढच्या वर्षी परत बसा आणि मग भिंत घ्या, असं म्हणायला माझ्याकडे पुढचं वर्ष नव्हतं, म्हणजे त्यांच्या डोळ्यांकडे नव्हतं.

"उलटं कर ना," भोंगा कुजबुजला. तिकडे तिसऱ्या खोक्यातून कुणीतरी "काय उलटं?" म्हणून विचारलंसुद्धा.

"म्हणजे?"

"अगं, चित्र तयार आहे ना? त्याचा फोटो काढ. तो बत्तिसावा टप्पा. मग वरून थोडा पोस्टरचा पांढरा लाव, तो एकतिसावा. आणखी लाव, तिसावा. मध्ये मध्ये कोळशाने रेघा मार, म्हणजे स्केच वाटेल. असं करत कोऱ्या कॅनव्हासपर्यंत मागे जा. मग सगळं स्पंजने धुऊन टाक. पोस्टर कलर पाण्याने निघतो, तैलरंगाला पाण्याने काही होत नाही. पहिल्या वर्षाचं पोरसुद्धा सांगेल."

पहिल्या वर्षाचं पोर आणखी एक गोष्ट सांगेल. तैलरंग वरून वाळतो आणि आतून महिनोन् महिने कच्चा राहतो. फळ्यावर लिहून दिलेलं आहे आम्हाला, परीक्षेत मी त्याला मार्कही मिळवलेत. त्या दिवशी मात्र माझ्या डोक्यात फक्त बत्तीस हा आकडा होता.

दुपारी बारा वाजता सुरू केलं. फोन स्टुलावर बांधला. पांढरा लावायला गेले तर तो टिकेचना, तेलावरून नुसता ओघळायचा. भोंग्याने कँटीनच्या बेसिनवरून भांडी घासायचा साबण आणला आणि दोन थेंब पांढऱ्यात मिसळले. "आता बघ," म्हणाला. खरंच, छान बसला. आधी चमक झाकली, मग शर्टाच्या चुण्या, मग हात. प्रत्येक फोटोत मी वेगळ्या दिवशी काम करतेय असं दिसावं म्हणून भोंग्याने स्वतःचे पाच शर्ट आणले होते. मी ते आलटून पालटून घालत होते. एका शर्टाच्या खिशात बँडेजचं उरलेलं भेंडोळं होतं, ते फोटोत फुगलेलं दिसतंय.

मनोगतं लिहिताना तर माझं डोकंच फिरलं. न आलेल्या शंका कुठून आणायच्या? 'टप्पा सात : आज डावा हात माझ्याशी बोलत नाही.' 'टप्पा बारा : मी या माणसाला ओळखते का?' घ्या! सख्ख्या बापाबद्दल लिहितेय मी हे. भोंग्याने वाचून डोळे पुसले. म्हणाला, "ग्रेट आहे. तेरा नंबरला थोडी निराशा टाक."

पाच वाजता कॅनव्हास पूर्ण कोरा झाला. तो पहिला टप्पा. एवढ्या पांढऱ्यात फक्त दोऱ्याची ती जाड रेघ अंगठ्याला लागायची, दिसायची नाही. मला हसू आलं. म्हटलं, बाबा, थांबा जरा, उद्या सकाळी काढते तुम्हाला बाहेर.

सकाळी गेले, स्पंज ओला केला आणि शर्टाच्या कोपऱ्यापासून सुरुवात केली. पांढरा सुरेख निघाला. खालून निळा शर्ट वर आला, मी शीळ घातली. हिंमत वाढली आणि स्पंज चेहऱ्यावर नेला. चेहरा मी पातळ रंगात केला होता, थरावर थर. दोनदा फिरवला, तिसऱ्यांदा स्पंज उचलून बघितला तर तो गुलाबी झालेला.

मला पहिल्यांदा कळलंच नाही. वाटलं, हा रंग कुठून आला? मग कॅनव्हासकडे बघितलं. मिटलेला डोळा नव्हता. गाल नव्हता. दातांतलं जिभेचं टोक आणि अर्धी हनुवटी पुसट होऊन खाली ओघळली होती, आणि जिथे बाबांचं तोंड होतं तिथे करडा, मळकट डाग. साबणाने आतला कच्चा रंग उपटून काढला होता. मी घाईघाईने हाताकडे गेले, निदान हात तरी वाचतोय का बघायला, आणि हातही पुसून बसले. अक्कल गहाण टाकली होती मी, दुसरं काय! खाली बसले आणि ढसाढसा रडले. संघर्ष हवा होता ना सरांना, घ्या.

तसं अर्धवट बघवेना म्हणून उरलेला पांढरा घेतला आणि परत सगळं झाकून टाकलं. मेलेल्या माणसाच्या अंगावर चादर ओढतात तसं. नंतर दुसऱ्या कॅनव्हासवर पुन्हा काढून बघितलं, पण हात माझा उरला नव्हता, फोनमधल्या फोटोची नक्कल करत होता. दोन दिवसांत तेही सोडलं.

सरांना खरं सांगायचं ठरवलं. माझ्या मते हा त्या वर्षातला माझा एकमेव स्वतंत्र निर्णय होता आणि त्याचा अर्ज मी भरला नव्हता.

"सर, फाइल खोटी आहे. उलटी आहे. चित्र आधी होतं, मी ते झाकत गेले आणि फोटो काढले. धुताना चित्र गेलं. आता खाली काही नाही."

सरांनी डोळे मिटले. खूप वेळ मिटून ठेवले. मला वाटलं, आता काढून टाकतात कॉलेजातून. बरंच होईल.

"हे आणखी कुणाला सांगितलंस?"

"नाही, सर."

"मग चारशे शब्दांत लिहून काढ," सर हळूच म्हणाले. डोळे उघडले तेव्हा ते ओले होते. "प्रक्रियेसाठी चित्राचा त्याग! अगं, चौदा वर्षं मी नेमकं याच्याच आसपास आहे."

"सर, त्याग नाही. चूक आहे. गाढवपणा आहे."

"तो शब्द चांगला आहे. तोही घाल."

तोंडी परीक्षेला बाहेरच्या परीक्षक बाई आल्या होत्या. त्यांनी फाइल दोनदा चाळली. मी मनाशी म्हटलं, या बाई हुशार दिसतात, या पकडतील. कारण माझ्या खोक्यातल्या भिंतीवर घड्याळ आहे आणि ते प्रत्येक फोटोत आलंय. पहिल्या टप्प्यात पाच वाजलेत आणि बत्तिसाव्यात बारा. बाईंनी त्याच्यावर बोट ठेवलंच.

"इथे घड्याळ मागे जातंय," त्या म्हणाल्या.

"हो," मी म्हटलं. सुटले एकदाची!

"काळाच्या सरळ रेषेला दिलेलं आव्हान," बाई सरांकडे वळून म्हणाल्या. सरांनी मान डोलावली. मला कुणी काही विचारलं नाही. शंभरात सत्त्याण्णव मिळाले. कॉलेजचा विक्रम आहे तो. चित्राला पंधरापैकी पंधरा. ज्या कॅनव्हासवर काही नाही त्याला पैकीच्या पैकी, आणि चित्र होतं तेव्हा अडचण होती!

प्रदर्शनात मला मधली मोठी भिंत दिली. मध्ये पांढरा कॅनव्हास, डावीकडून उजवीकडे पोस्टकार्डाएवढे बत्तीस फोटो, आणि खाली पाटी, माझा परीक्षा नंबर आणि 'कृपया हात लावू नये'. मी घरी सांगून बघितलं, की येऊ नका, फार गर्दी असते. पण बाबांनी आयुष्यात पहिल्यांदा चालू दिवशी दुकान बंद ठेवलं होतं. स्वतःसाठी नवा शर्ट शिवला होता. निळा. चित्रात जो होता त्याच रंगाचा, आणि मी त्यांना रंग सांगितलेला नव्हता.

आई-बाबा दारातून आत आले तेव्हा मी खांबामागे उभी होते. खोटं कशाला सांगू, लपलेच होते. आईने बाबांचं कोपर धरलं होतं. दोघं भिंतीसमोर आली. आई बघत राहिली. मग तिने माझा नंबर बरोबर आहे का ते पाटीवर वाचलं, पुन्हा वर बघितलं.

"अहो," ती हळूच म्हणाली, "पांढरंच आहे हे."

"माझ्याच डोळ्यांना वाटलं की काय तसं," बाबा म्हणाले. "म्हटलं मधलं गेलं वाटतं सगळं."

मला तिथेच मेल्याहून मेल्यासारखं झालं. बाहेर आले. "बाबा..." म्हटलं. त्यांनी माझ्या कानाकडे बघत माझ्या डोक्यावर थोपटलं आणि फोटोंकडे गेले. मान तिरकी करून, नाक भिंतीला लागेल इतक्या जवळून एकेक फोटो बघत गेले. शेवटच्या फोटोपाशी खूप वेळ थांबले. तिथे ते स्वतः होते, अंगठ्याएवढे. पण एवढं बारीक त्यांच्या नजरेच्या आवाक्यातलं नव्हतं. त्यांना निळा ठिपका दिसत असावा, बस.

मग ते परत पांढऱ्यापाशी आले आणि पाटीबिटी न बघता त्यावर तळहात ठेवला. कापडाचा पोत बघतात तसा, हळू, वरून खाली. बोटं एका जागी थांबली. तर्जनी डावीकडे सरकली, उजवीकडे सरकली, आणि मग एका सरळ रेषेत चालायला लागली. बोटांपासून नेढ्यापर्यंत.

"काका, हात..." सर लांबून धावत आले.

"इथे दोरा आहे," बाबा म्हणाले.

सर थांबले.

"हा दोरा आहे आतमध्ये. आणि ही खाली बाही. चुण्या लागतात हाताला." त्यांची बोटं वर गेली, जिथे चेहरा होता तिथे. तिथे सगळं गुळगुळीत होतं. ती परत दोऱ्यावर आली. "हे आधी शिवून झालेलं आहे. मग कुणीतरी उसवलंय. उसवलेल्याची भोकं राहतातच, कितीही इस्त्री फिरवा. कुणी उसवलं गं?"

बत्तीस फोटो, बत्तीस मनोगतं, दोन परीक्षक, आणि हे कळलं कुणाला, तर ज्याला धड दिसत नाही त्याला.

"मीच," मी म्हटलं.

"का?"

"कसं काढलं ते दाखवायला."

बाबांनी मान वळवून मला बघायचा प्रयत्न केला. "पण काढून दाखवलं होतंस ना?"

मला रडू आवरेना. आईने पदराने नाही, स्वतःच्या तळहाताने माझं नाक पुसलं, मी पाच वर्षांची असताना पुसायची तसं, सगळ्यांसमोर. मी म्हटलं, "बाबा, मी परत काढते. उद्यापासून सकाळी दुकानात बसते."

"काढ की. पण आता ओवताना नाही मिळायचो मी," बाबा म्हणाले. "महिना झाला, तुझी आई ओवून ठेवते. सकाळी उठून सात सुया टाचण्यांच्या उशीला टोचून ठेवते आणि मी समजायचं की मीच काल ओवल्या होत्या." ते आईकडे वळून हसले. आईने दुसरीकडे बघितलं. महिनाभर मी घरातच राहत होते आणि मला हे माहीत नव्हतं. मी निराशा लिहीत होते ना, टप्पा तेरासाठी.

मी स्टूल ओढलं, वर चढले आणि कॅनव्हास उतरवायला लागले.

"अगं, अगं! हे कॉलेजच्या संग्रहात जाणार आहे," सर म्हणाले. "बाहेर न्यायला अर्ज लागतो. तीन प्रतींत..."

"सर," मी वरूनच म्हटलं, आणि माझा आवाज भोंग्यापेक्षा मोठा निघाला, "तुम्ही त्या दिवशी एक डोळा मिटला होतात. मी बघितलंय. तुम्हाला चित्र आवडलं होतं. मग बोलला का नाहीत?"

सरांनी मफलरच्या टोकाशी चाळा केला, मग तो सोडला. पुढे आले, खिळ्यावरची तार सोडवायला मदत केली आणि खिशातून पेन काढून कॅनव्हासच्या मागच्या लाकडावर सही ठोकली. अर्ज नाही, प्रती नाहीत. "चांगलं होतं ते," एवढंच म्हणाले. मागून भोंगा ओरडला, "थांबा, थांबा, हाही टप्पा आहे, फोटो घेतो!" आईने त्याच्याकडे असं बघितलं की त्याने फोन खिशात घातला.

आता मी सकाळी सहाला उठते. आई खिडकीपाशी उभी राहून सात सुया ओवते आणि मी स्टुलावर बसून बघते. काढायला अजून सुरुवात केलेली नाही. सुयांचं बाबांना माहीत आहे हे आता आईलाही माहीत आहे, पण दोघंही माहीत नसल्यासारखं वागतात.

तो पांढरा कॅनव्हास दुकानात आरशाच्या शेजारी लावलाय. मापाला आलेलं गिऱ्हाईक हमखास विचारतं, "हे काय हो, कोरंच टांगलंय?"

"कोरं नाही. हात लावून बघा," बाबा म्हणतात.

परवा एका जाड्या गृहस्थांनी बिचकत हात लावला. बोट फिरवत राहिले. "आहे खरं काहीतरी आत," ते म्हणाले. "काय आहे?"

"मी आहे," बाबा म्हणाले, आणि गळ्यातला टेप काढून त्यांना वळायला सांगितलं.